भाची दीड लाख भरून केनियाला संडास बांधायला निघाली आहे. जाऊ द्यावं का?

अरुणावतीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवा आहे आणि लवकर हवा आहे. पैसे भरायची तारीख महिनाअखेर आहे आणि आमच्याकडे रोज रात्री जेवताना याच विषयावर ताटं वाजतात.

माझी भाची यवतमाळला सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात कोणीतरी येऊन पडद्यावर चित्रं दाखवून गेलं. केनियातल्या एका खेड्यात चार आठवडे राहायचं, शाळेसाठी संडास बांधायचे, पावसाचं पाणी साठवायची टाकी बांधायची. राहणं-खाणं धरून दीड लाख, विमानाचं तिकीट वेगळं. शेवटी प्रमाणपत्र आणि दोन दिवस जंगल सफारी. भाऊजींच्या यंदाच्या कापसाचा बराचसा पैसा यात जाईल. त्यांचं एकच वाक्य आहे, "मजुरी करायची तं पैसे घ्या लागते, द्या लागत नाही." ताई म्हणते पोरगी जग पाहील, जाऊ द्या. आणि घरात शिकलेला मामा मीच, म्हणून फैसला माझ्या गळ्यात.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. आमचं गाव पांढरकवड्याच्या पुढं, तेलंगणाच्या हद्दीला लागून. आमच्या शाळेसमोरच्या बोरिंगला दहा-बारा वर्षांपूर्वी लाल रंग मारून गेले, पाण्यात फ्लोराइड आहे म्हणून. रंग आता उडाला, पाणी लोक अजून पितात. त्याच बोरिंगचं पाणी पिऊन वाढलेली पोरगी केनियाला पाणी द्यायला जाणार, हे मला धड चुकीचंही म्हणता येत नाही आणि बरोबरही.

कोणी असं जाऊन आलेलं आहे का इथं?

कापूसकोंड्या

भाऊ, हिशेब सोपा हाये. सरकारी अनुदान एका संडासाले १२ हजार. दीड लाखात बारा संडास होते अन् वरतून सहा हजार उरते. थे सहा हजार घेऊन पोरीले ताडोबा दाखवा. सफारी बी झाली.

रातपाळी

@कापूसकोंड्या, त्या बारा संडासांत पुढं सरपण आणि गोवऱ्या भरतील तो हिशेबही मांडा की. मी वर्ध्याकडे आरोग्य उपकेंद्रात होते, घरोघर फिरलेय. कितीतरी घरी दार उघडलं की आत कोंबड्या.

खारपाण

मी जाऊन आलेली नाही, पण माझ्याकडे आलेल्या लोकांबद्दल सांगू शकते. चालेल का? कारण असल्या धाग्यांवर जाणारेच बोलतात. ज्यांच्या गावात ते येतात ते कधी बोलत नाहीत.

माझं माहेर तेल्हारा तालुक्यात. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंचा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला. कुठंही बोअर मारा, खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा फाटल्यासारखा होतो, तांब्याच्या बंबाला आतून पांढरी खपली धरते. मी सातवीत असताना आमच्या शाळेत परदेशातून बारा-तेरा पोरं-पोरी आली, दहा दिवसांसाठी. गावानं ढोल वाजवून आणलं, टोप्या घातल्या.

त्यांनी शाळेच्या भिंतीवर हात धुवायची चित्रं काढली आणि ओळीनं सहा नळ बसवले. मग प्रात्यक्षिक. एक उंच, गोरीपान मुलगी पुढं आली, हात ओले केले, साबण घासायला लागली. घासतेय, घासतेय, फेस काही येईना. पुन्हा पाणी, पुन्हा साबण. हातावर नुसता चिकट पांढरा थर. आम्ही सगळे खाली माना घालून हसतोय, कारण आम्हाला माहीत होतं. तिला वाटलं साबणच खराब आहे, तिनं पिशवीतून दुसरा काढला. त्याचीही तीच गत. शेवटी खिचडी शिजवणाऱ्या मावशी उठल्या, आतून गुंडातलं टँकरचं गोडं पाणी तांब्याभर आणलं आणि तिच्या हातावर ओतलं. फेस आला. टाळ्या पडल्या. फोटो निघाला.

त्या तांब्याभर पाण्यासाठी मावशी सकाळी कुठवर रांगेत उभ्या होत्या, हे दुभाषानं तिला सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

नळ दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत क्षारानं जाम झाले. चित्रं मात्र मी लग्न होऊन निघाले तोवर होती.

पण अर्धीच गोष्ट सांगितली तर अन्याय होईल. त्या पोरांतला एक जण पुढच्या वर्षी एकटाच आला. हातात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं यंत्र, पेनाएवढं. महिनाभर आमच्या वाड्यात राहिला. भाकरी थापायला शिकला, वाकडी का होईना. प्रत्येक विहिरीचं पाणी मोजून शाळेच्या जुन्या वहीत लिहून ठेवलं. आपल्या मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० आणि दुसरं पाणीच नसेल तर २०००. आमच्या बऱ्याच विहिरी त्याच्या पुष्कळ वर. एकच विहीर बरी निघाली, ती गावाच्या वर, जुन्या नाल्याला लागून. आजी म्हणाली, "हे तं मले माहीतच होतं, पोरा. माही सासू तिथूनच आणे." तो हसला नाही. आजीचं म्हणणंही त्यानं वहीत लिहिलं.

तर भाचीला विचारा, ती त्या बारा जणांतली की त्या एकट्यासारखी?

अरुणावतीकाठ

@खारपाण, तुमचा प्रतिसाद ताईला वाचून दाखवला. साबणाजवळ आल्यावर भाऊजी ताटावरून उठून आमच्या शेजारी येऊन बसले.

बिशान

सदस्यनामाचा अर्थ विचारतील म्हणून आधीच सांगतो, ओरोमो भाषेत बिशान म्हणजे पाणी. इथिओपियात अकरा महिने होतो, मार्च २०१७ पासून. आणि धागाकर्ते, मी तुमच्याच तालुक्यातला. वडील पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकात होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्या गाडीत मागं, पाइपांवर बसून पोड-पोड, म्हणजे कोलामांच्या वस्त्या, हिंडलोय.

रसायनशास्त्रात एमएस्सी झालो, एका कामात प्रयोगशाळेतला माणूस हवा होता म्हणून निवड झाली. मी एक रुपया भरला नाही. तिकीट त्यांचं, खोली त्यांची, महिन्याला खायपुरते पैसे. हा फरक मोठा आहे. ज्याला तुमची गरज असते तो तुम्हाला पैसे मागत नाही.

पहिल्याच दिवशी नाक कापून घेतलं. बैठक तीन वाजता, असा निरोप. मी दुपारी तीनला पोचलो तर कुलूप. तिथं घड्याळ दिवस उजाडल्यावर सुरू होतं. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. तीन म्हणजे सकाळचे नऊ. वर्षही त्यांचं तेव्हा २००९ चालू होतं. पंधरा म्हातारे सकाळी येऊन, माझी वाट पाहून, कॉफी पिऊन घरी गेले होते.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर गेलो. तिकडची ती खोल दरी केनिया-टांझानियापर्यंत जाते, सगळा ज्वालामुखीचा खडक, भूजलात फ्लोराइड भरपूर. बोअरवर गाढवगाड्यांची रांग, गाडीत पिवळे वीस लिटरचे कॅन. दहा-बारा वर्षांची पोरं होती. मला पाहून हसली. आणि हसताना एकानं पटकन तळहात तोंडावर धरला.

ती सवय मी ओळखतो. माझी मोठी बहीण तिच्या लग्नाच्या फोटोत तशीच उभी आहे.

भाषा येत नव्हती. मी आपला खाली बसलो आणि तोंड उघडून माझे दात दाखवले, फ्लोराइडच्या पाण्यानं पिवळे-तपकिरी पट्टे पडलेले. पोरं गप्प. मग त्याच पोरानं पुढं होऊन माझ्या दाताला बोट लावून पाहिलं, रंग निघतो का म्हणून. अकरा महिन्यांत मी जे काही केलं त्यातलं निम्मं त्या बोटामुळं जमलं, असं मला वाटतं. त्यांना शिकवायला आलेला माणूस त्यांच्याच पाण्याचा निघाला.

काम काय होतं तेही सांगतो. गावात आधीच एक शेड होती. सिमेंटची टाकी, हातानं फिरवायचा वल्हा, पाटीवर 'नालगोंडा'. मी उडालोच. ही पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची! पाण्यात तुरटी, चुना, थोडी ब्लीचिंग पावडर टाकायची, ढवळायचं, तासभर निवळू द्यायचं, गाळासोबत फ्लोराइड खाली बसतं. टाकी दोन वर्षं बंद होती. बिघडलेलं काहीच नव्हतं. तुरटी मोजून टाकणारा माणूस गाव सोडून गेला होता आणि तुरटी कोणाच्या पैशानं आणायची हे कधी ठरलंच नव्हतं.

तर मी नवीन काही बांधलं नाही. तुरटीसाठी पत्र्याचा डबा कापून माप केलं, काठोकाठ भरला की एका टाकीपुरतं. पाच वेळा कापावा लागला, कारण तिथं मिळणारी तुरटी कधी खडा तर कधी भुकटी. दोन बायका आणि एक पोरगा तयार केले. प्रत्येक कॅनमागे थोडे पैसे, एक वही, वही कोणाच्या घरी राहणार यावर दोन महिने भांडण. सात महिने गेले यात. गाळ कुठं टाकायचा यावर उरलेले.

पुढं दीड वर्ष टाकी चालली. मग लांबून गोड्या पाण्याची पाइपलाइन आली आणि टाकी पुन्हा बंद पडली. छान झालं.

चार आठवड्यांबद्दल विचाराल तर, चार आठवड्यांत मला कुलपाची किल्ली कोणाकडं असते एवढंच कळलं होतं.

कापूसकोंड्या

वा! अन् आपल्या गावच्या आरओ प्लांटची किल्ली कोनाकडं अस्ते थे कोनाले माहीत हाये?

बिशान

@कापूसकोंड्या, ते अकरा वर्षं शोधतोय.

निवृत्त_पाणीपुरवठा

धागा वाचतो आहे. तीस-बत्तीस वर्षं याच खात्यात काढली म्हणून चार गोष्टी नोंदवतो. लांबलं तर क्षमा असावी, घरी कोणी ऐकत नाही.

एक. आफ्रिकेत पाण्याचं ज्ञान फक्त गोरे लोक घेऊन जातात, हा समज काढून टाका. गावोगावी जो हातपंप आपण बघतो, तो इंडिया मार्क दोन, १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं तयार झाला. दुष्काळात बोअर झपाट्यानं घेतल्या गेल्या, पण त्यावर बसवलेले ओतीव लोखंडाचे घरगुती पंप महिन्या-दोन महिन्यांत मोडून पडत. ते एका कुटुंबासाठी बनवलेले, अख्ख्या गावानं दिवसभर दांडा मारला तर दुसरं काय होणार? त्याच काळात आपल्या जालन्यात आणि सोलापुरात मिशनच्या लोकांनी पोलादी पंप बनवले होते आणि ते टिकत होते. सोलापूरच्या पंपावरूनच मार्क दोन उभा राहिला. पुढं तो आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत गेला. युगांडात त्याचीच आवृत्ती यू-टू नावानं चालते. म्हणजे विदर्भातला हातपंपाचा मिस्त्री तिकडं उतरला तर त्याला दांडा ओळखीचा वाटेल. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला वाटेल का, हे मी सांगत नाही.

दोन. @बिशान यांनी टाकी बंद पडल्याचं कारण सांगितलं ते सोन्याचं आहे. आपल्याकडेही हेच. नालगोंडा असो, अॅल्युमिनाचं गाळण असो, आरओ असो, रसायन हरत नाही. दर महिन्याला कोणीतरी काहीतरी करायचं असतं, तिथं हरतं. केनियात नाकुरूकडे हाडांच्या कोळशातून पाणी गाळून फ्लोराइड काढतात. उत्तम काम करतो तो कोळसा. आपल्या गावात हाडाचं नाव काढा, टाकीला कोणी शिवणार नाही. तंत्र तेच, गाव बदललं की उत्तर बदलतं.

तीन. उत्साहाची किंमत. दक्षिण आफ्रिकेत एक पंप निघाला. पोरांनी गोल चक्रावर खेळायचं आणि त्या फिरण्यानं पाणी टाकीत चढायचं. बघायला काय सुंदर! २००६ मध्ये अमेरिकेत त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा झाली, २०१० पर्यंत चार हजार पंप बसवायचे ठरले. पुढं 'गार्डियन'नं हिशेब मांडला की ठरल्याप्रमाणे लोकांना पाणी पुरवायचं तर पोरांनी दिवसाचे २७ तास खेळायला हवं. प्रत्यक्षात म्हाताऱ्या बायका ते चक्र हातानं ढकलत बसल्या. आधीचा साधा हातपंप उपटून तिथं हे बसवलेलं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

माझं मत स्पष्ट आहे: जाऊ नये. केनियात गवंडी नाहीत का? तुमची भाची चार आठवड्यांत जी भिंत बांधेल ती तिथला गवंडी चार दिवसांत बांधेल, आणि ओळंब्यात बांधेल.

रातपाळी

काकांच्या शेवटच्या वाक्याशी सहमत, पण 'जाऊ नये' इतकं सरसकट नको. तिथल्या गवंड्याची रोजी मारली जात नाही ना, एवढं पाहावं.

माझ्या खात्याची गोष्ट सांगते. केनिया किंवा इथिओपिया, पीतज्वराची लस आधी घ्यावी लागते, निघण्याच्या किमान दहा दिवस अगोदर. लस घेतल्याचं ते पिवळं कार्ड नसेल तर परत येताना भारतातच अडवून वेगळं ठेवतात. एकदा घेतली की आता जन्मभर चालते.

दुसरं थोडं कडू आहे. मदतीला गेलेला माणूस आपलं पोट सोबत घेऊन जातो. हैतीत २०१० च्या भूकंपानंतर संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना होती. त्यांच्या एका छावणीतली घाण नदीच्या पाण्यात गेली आणि देशात कॉलरा पसरला. जवळजवळ दहा हजार माणसं मेली. माफी मागायला २०१६ उजाडलं. म्हणून तिथं पोचल्यावर पहिला प्रश्न हा विचारायचा की आपण राहणार तिथला संडास कुठं मुरतो, आणि विहीर तिथून किती लांब आहे?

वऱ्हाडी_ठेचा

एवढे प्रतिसाद झाले, गाडगेबाबा अजून आले नाहीत! आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. गावात पाऊल ठेवलं की आधी खराटा, रात्री कीर्तन, आणि पैसे भरून नाही बरं. पण ते परमुलखात गेले नाहीत एवढाच काय तो फरक.

खारपाण

@वऱ्हाडी_ठेचा, गाडगेबाबा गावात महिना न महिना फोटो काढत राहिले नाहीत हा दुसरा फरक. :)

ओटी_टेस्ट

राम राम. मी गावचा जलसुरक्षक. रोज सकाळी टाकीत टीसीएल, म्हंजे ब्लीचिंग पावडर, टाकतो अन् शेवटच्या नयाले ओटी टेस्ट करतो. नळीत दोन थेंब टाकले अन् पिवळा रंग आला का समजा क्लोरीन हाये. मोठ्या लोकाइच्या गोठी वाचल्या. मले एकच विचारा लागते.

त्या पोट्टीनं आतापावतर एखादा शोषखड्डा खंदला काय? आमच्या काया मातीत? उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडते अन् पावसाळ्यात माती फुगून विटा आत लोटते. कागदावरचा खड्डा येगळा अन् आमचा येगळा.

अन् भरलेला खड्डा रिकामा केला काय? नाई ना? मंग थे केनियातल्या पोराइले काय सांगन, भरल्यावर काय करा म्हनून?

इथी या. माह्या गावी. पंधरा दिवस. चहा-पानी, झोपाले खोली, पोई-भाजी माह्या घरची. फी काईच नाई. मृग लागाच्या आंधी या लागते, पावसात खड्डा उघडता येत नाई.

मीच_ती_भाची

नमस्कार. मामानं मला सांगितलं नव्हतं, पण यवतमाळच्या खोलीवर मैत्रिणीनं लिंक पाठवली. सगळे माझ्याविषयी बोलताहेत, मला सोडून.

आधी माझी बाजू. मी नागपूरच्या पलीकडे गेलेली नाही. आमच्या वर्गातली पोरं पुण्याला जातात, बंगळुरूला जातात, त्यांना कोणी विचारत नाही की गावच्या बोरिंगचं काय. दीड लाख भरून युरोपची सहल करणाऱ्याला कोणी विचारत नाही. मी म्हटलं मला बाहेर जायचंय, आणि सांगायला संडासाचं कारण दिलं, तर सगळ्यांना गावाची आठवण झाली. खरं सांगू? मला अर्धी इच्छा जग बघायची आहे. उरलेली अर्धी कामाची आहे, पण तीही खरी आहे. माझे दातसुद्धा बिशान दादांसारखेच आहेत आणि मीही फोटोत तोंड मिटूनच असते.

साबणाची गोष्ट वाचून मात्र पोटात खड्डा पडला. मीही तसंच केलं असतं. नक्की.

ओटी टेस्ट काका, दोन खड्ड्यांचा संडास मी पेपरात काढलाय, दहापैकी आठ मार्क मिळाले. उघडलेला कधी पाहिला नाही.

त्या संस्थेला काय विचारू ते सांगा. नुसतं 'जाऊ नको' मला पुरत नाही.

निवृत्त_पाणीपुरवठा

बाळ, तू आहेस होय. माझं 'जाऊ नये' मागं घेत नाही, पण सूर खाली आणतो.

बिशान

@भाची, एकच गोष्ट माग. त्यांनी तीन वर्षांपूर्वी बांधलेल्या कोणत्याही एका संडासाचा आजचा फोटो. उद्घाटनाचा नको, आजचा. दाराला कडी आहे का, आत पाणी आहे का, मागचा खड्डा भरला तेव्हा कोणी उपसला, त्या माणसाचं नाव काय. आणि विचार, हे काम गावानं मागितलं की संस्थेनं ठरवलं? मुलींच्या संडासात वापरलेले पॅड टाकायला काय सोय केली, तेही विचार. शाळेचे संडास तिथंच तुंबतात आणि पुरुष मंडळी हा प्रश्न विचारत नाहीत, मीही तिसऱ्या महिन्यात विचारला.

बाहेर जायचंच असेल तर दुसरे रस्ते आहेत. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० पासून आहे, त्यात राहण्या-खाण्यापुरता भत्ता ते देतात, तू भरत नाहीस. पण ते अनुभव मागतात. तो तुला ओटी टेस्ट काका द्यायला तयार आहेत, तेही पोळी-भाजीसकट.

कापूसकोंड्या

मी तं म्हनतो जाऊ द्या पोरीले. आधी नाई म्हटलं होतं, आता दात वाचून मन पलटलं. भांडा माह्याशी.

निवृत्त_पाणीपुरवठा

@कापूसकोंड्या, तुमच्याशी भांडायला वेगळा धागा काढू. @भाची, खड्डा उपसायची लाज वाटली तर हे लक्षात ठेव: २०१७ मध्ये तेलंगणात वरंगळकडच्या गंगादेवीपल्लीत केंद्राचे सचिव आणि राज्याराज्यांचे अधिकारी स्वतः असल्या खड्ड्यात उतरले होते, फावडं घेऊन. मी तेव्हा निवृत्त झालो होतो म्हणून वाचलो.

मीच_ती_भाची

अपडेट. उशीर झाला, परीक्षा होती.

संस्थेला विचारलं. दोन दिवसांनी फोटो आला, फुगे लावलेला, फीत कापतानाचा. मी पुन्हा लिहिलं, तीन वर्षांपूर्वीचा आणि आजचा. उत्तर आलं, "त्या शाळेशी सध्या संपर्क नाही." पैसे भरले नाहीत. बाबा काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी मला न विचारता आंबे घेऊन आले.

आता खरं अपडेट. गेल्या सोमवारपासून ओटी टेस्ट काकांच्या गावात आहे. काल पहिला खड्डा उघडला. झाकणाचं कडं गंजलेलं, पहारीनं उचलावं लागलं. मी नाकाला ओढणी बांधून तयार. आणि वासच नाही. दोन वर्षं बंद ठेवलेला खड्डा, आत काळं, भुसभुशीत, वापरलेल्या चहापत्तीसारखं. काकांनी मुठीत घेऊन दाबलं, सुटलं. सोनखत. काकूंनी लगेच अर्धं टोपलं लिंबाच्या बुडाशी नेलं, मला विचारलंही नाही.

इथवर पुस्तकात होतं. पुढचं नव्हतं.

शेजारच्या घरी दुसरा संडास उघडला तर दोन्ही खड्डे ओले, दोन्ही भरत आलेले. मला कळेना. काका काही सांगेनात, नुसते बिडी ओढत बसले, "पाय, पाय". तासाभरानं मी मधलं चेंबर उघडलं. तिथून दोन खड्ड्यांना दोन तोंडं जातात. एक तोंड विटेनं आणि चिखलानं बंद ठेवायचं असतं म्हणजे एक खड्डा भरतो आणि दुसरा आराम करतो. तिथं दोन्ही तोंडं उघडी. संडास बांधून झाल्यापासून उघडी. गवंड्यानं बंद केलं नाही, घरच्यांना कोणी सांगितलं नाही, तपासायला आलेल्यानं दार आणि भांडं पाहिलं, फोटो काढला आणि गेला. मग आम्ही ओळीनं चेंबरच उघडत सुटलो. बहुतेक ठिकाणी तेच.

म्हणजे एक वीट कमी होती. दहापैकी आठ मार्कांत ती वीट होती, मी काढलीही होती, पण ती कशासाठी आहे हे मला काल कळलं.

एका घरच्या आजींनी विचारलं, "हे तू कोठून शिकून आली?" मी म्हटलं यवतमाळहून. त्या म्हणाल्या, "बरं झालं. थ्या लांबून आलेल्याइले काही समजत नाई." मला केनियाची आठवण झाली.

पासपोर्टचा अर्ज मात्र केला आहे, मामा. आईला सांगून.

खारपाण

वाचून बरं वाटलं. त्या आजींचं म्हणणं वहीत लिहिलंस ना?

मीच_ती_भाची

लिहिलं. लिंबाचंही.

बिशान

@भाची, चेंबरचा फोटो टाक, दोन्ही तोंडं दिसतील असा. तिकडच्या त्या पोराला पाठवतो, तो आता मिस्त्री झालाय, शाळांचे संडास बांधतो. त्याला विचारतो त्याच्याकडं हीच भानगड आहे का.

आणि ओटी टेस्ट काका, पुढच्या रविवारी मी गावी येतोय. वडिलांचे जुने पाने घेऊन येऊ का? शाळेजवळच्या बोरिंगचा दांडा ढिला झाला असं धागाकर्ते म्हणत होते, येता येता तेही बघू.

ओटी_टेस्ट

या या. आनजा पाने. चेन बी पाहा लागते, थे लय आवाज करते. पोट्टीले बी सांगतो. सहा वाजता यायचं, उन्हाच्या आंधी.

आपल्या घड्याळाचे सहा, भाऊ. तिकडचे नाई.